विज्ञान प्रदर्शनातून पोरांच्या हाती खरंच काही लागतं का?

मॅडम, तुमची अडचण मला अशी समजली. यवतमाळ जिल्ह्यात केळापूरकडे तुमची उच्च प्राथमिक शाळा. तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेकडून एक प्रतिकृती हवी, असा निरोप आलाय. एक पालक नागपूरहून तयार मॉडेल आणून द्यायला राजी आहेत. दुसरे म्हणतात, यात पोरांचा अभ्यास बुडतो, त्या प्रमाणपत्राचं काय लोणचं घालायचं? आणि तुम्हाला विचारायचंय की या स्पर्धांतून मुलांना पुढे उपयोगी पडेल असं काही येतं का, की नुसतीच धावपळ होते.

मी अमरावती जिल्ह्यात दर्यापूर भागात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांना घेऊन तालुक्याला-जिल्ह्याला गेलो, पुढे परीक्षक म्हणूनही बसत आलो. मुलानं स्वतः काही मोजलं असेल, ते जुळलं नसेल आणि म्हणून त्यानं पुन्हा मोजलं असेल, तर त्याला जन्मभर पुरेल अशी सवय लागते, असं माझं ठाम मत आहे. हे सगळं प्रदर्शनाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत घडतं. प्रदर्शनाचा दिवस त्याला तारीख देतो आणि ऐकणारा माणूस देतो, एवढंच त्याचं काम. पण तेवढंही मोठं आहे, कारण तारीख नसली तर शाळेत कुठलीच गोष्ट तडीस जात नाही. आधीचं मोजमापच नसेल, तर मुलाकडे पाठ केलेलं भाषण आणि रंगवलेला पुठ्ठा उरतो.

कुठल्याही तालुक्याच्या मांडवात फिरून बघा. सिरिंजवर चालणारा जेसीबी, खायचा सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलवरचं ठिबक सिंचन, पाऊस आला की आपोआप आत जाणारी कपड्यांची दोरी, आणि अलीकडे अंधांसाठी सेन्सरची काठी, आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरच्या वस्तूचं अंतर दाखवणारी. यातली एकही वस्तू टाकाऊ नाही. सिरिंजचा जेसीबी पास्कलचा नियम, म्हणजे बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो हे, शिकवायला उत्तम. जाड सिरिंजचा दट्ट्या थोडासा दाबला की बारीक सिरिंजचा दट्ट्या लांब सरकतो, पण त्याची उचलायची ताकद कमी असते. दोन्हीकडे वजनं ठेवून हे तासाभरात पडताळता येतं. ते पडताळलेलं पोरगं मात्र मांडवात क्वचित भेटतं.

सेन्सरच्या काठीजवळ मी एका मुलाला विचारलं, "किती लांबचं दाखवते?"

"चार मीटर, सर."

"कशावरून?"

"दुकानदारानं सांगतलं."

मी खिशातला टेप त्याच्या हातात दिला. त्यानं भिंतीसमोर काठी धरली, एक मीटर बरोबर आलं. मग मी त्याला मांडवाच्या कापडी पडद्यासमोर उभं केलं. आकडा उड्या मारायला लागला, मधेच गायब झाला. मग पत्र्याचा बोर्ड तिरपा धरला, तेव्हाही तेच. पोरगं गोंधळलं, पण त्याचे डोळे चमकले. कापड आवाज पिऊन टाकतं आणि तिरपा पत्रा तो भलतीकडे फेकतो, म्हणून प्रतिध्वनी परत येत नाही, हे त्यानं स्वतःच सांगितलं. जाता जाता मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली. सेन्सरच्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर धरलेला असतो, तो २० अंश तापमानाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा वेग ३५८ च्या आसपास जातो. म्हणजे मीटरभर लांबची वस्तू ही काठी ९६ सेंटिमीटरवर दाखवेल. "मग उन्हाळ्यात पुन्हा मोजून पायतो," म्हणाला. त्या दिवशी त्याला विज्ञानातलं जे मिळालं ते या थोड्या वेळात मिळालं, आणि एवढ्यासाठी टेप पुरला.

म्हणून मी म्हणतो की स्पर्धेतून काय शिकायला मिळेल हे बऱ्याच अंशी परीक्षकाच्या प्रश्नावर ठरतं. "याचा उपयोग काय?" एवढंच विचारलं की मुलं उपयोग पाठ करून येतात. "हा आकडा कुठून आणला?" असं विचारायला लागलं की पुढच्या वर्षी शाळा आकडे घेऊन येतात. एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत गुणांची वाटणी दिलेली आहे. मुलांच्या स्वतःच्या कल्पकतेला २० टक्के, नावीन्य, वैज्ञानिक विचार, हातकाम आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी १५ टक्के, खर्च आणि टिकाऊपणा यांना १०, आणि सादरीकरणाला फक्त १०. कागदावर वाटणी चांगली आहे. पण मांडवात वेळ कमी आणि स्टॉल ढीगभर. मग जे कानावर पडतं आणि डोळ्यांत भरतं, तेच गुण खाऊन जातं. खड्या आवाजात न अडखळता बोलणारं मूल पुढे जातं. अडखळत, पण स्वतःच्या वहीतून बोलणारं मागे राहतं. याचं मला फार वाईट वाटतं. परीक्षक म्हणून बसणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला माझी विनंती आहे की आधी वही मागा, मग मॉडेलकडे बघा.

वहीचं एवढं का म्हणतो, ते एका गटावरून सांगतो. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा असा पसरलेला हा पट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. आठवीतल्या दोन मुली आणि एक मुलगा, यांना गावातल्या कोणत्या विहिरीचं, कोणत्या हापशीचं पाणी जास्त खारट आहे ते काढायचं होतं. चवीवरून घराघरांत वाद होतेच. दोन-तीनशे रुपयांत मिळणारं टीडीएस मीटर आणलं, पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारं. पहिल्या दिवशी शाळेजवळच्या हापशीचा आकडा अठराशेच्या घरात आला, दुसऱ्या दिवशी सोळाशेच्या घरात. मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली: "सर, काल त् जास्त होतं, आज कमी काहून दाखवते?"

इथे शिक्षकाची खरी परीक्षा असते. "सरासरी काढून टाक" म्हटलं की विषय संपला. मी तिला म्हटलं, तूच शोध. मुलाचं म्हणणं, मीटरच बिघडलं. तसं असेल तर मीटर तपासायचं कसं? एक लिटर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळवलं तर आकडा हजाराच्या जवळ यायला हवा. एक ग्रॅम मोजायला तिघं सोनाराच्या काट्यावर गेले. बिनक्षाराचं पाणी कुठून आणायचं, तर गॅरेजमधून, बॅटरीत टाकतात ते. आकडा हजाराच्या थोडा खाली आला. मीठ पावसाळ्याच्या हवेत ओलसर झालं होतं, म्हणजे एक ग्रॅममध्ये काही वाटा पाण्याचाच होता. मीटर ठीक निघालं. मग दोष नमुना घेण्यात. एकीच्या लक्षात आलं की आदल्या दिवशी बाटली दुसऱ्या विहिरीच्या पाण्याची होती आणि तशीच भरली होती. दुसरीला वाटलं, हापशीच्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी आधी येत असेल. शेवटी तिघांनी आपले नियम ठरवले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले: बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची, हापशीचं पाणी बरंच वाहू देऊन मग नमुना घ्यायचा, पाणी सावलीत ठेवून थंड झाल्यावर तीनदा मोजायचं, आणि तिन्ही आकडे लिहायचे, मनासारखा तेवढाच नाही.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, हे पाणी प्यायला चालेल का? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. वही घेऊन आलेल्या त्या मुलीला दोन्ही आकडे तोंडपाठ होते. तरी तिनं उत्तर दिलं, "सर, या मीटरनं क्षार किती हायत एवढंच समजते. कोणते हायत ते समजत नाही. फ्लोराईड हाय का नाही, ते याच्यानं नाही सांगता येत." आपल्या मोजमापाला किती कळतं आणि कुठे ते थांबतं, हे आठवीतल्या मुलीनं अनोळखी माणसासमोर सांगावं, यापरतं कौशल्य मी या स्पर्धांतून दुसरं मागत नाही.

हे उदाहरण तुमच्या तर दारातलं आहे. केळापूर, झरी-जामणी या भागात काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईडचा त्रास आहे. त्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर १.५. टीडीएस मीटर तिथे काहीच सांगणार नाही. जलजीवन मिशनखाली ग्रामपंचायतींना पाणी तपासायचे संच दिलेले आहेत. तुमच्या ग्रामपंचायतीत तो असेल तर ग्रामसेवकांना विचारून मुलांना तपासणी बघू द्या, आणि नमुना प्रयोगशाळेतही पाठवा. फ्लोराईडमुळे दातांवर डाग पडलेली मुलं वर्गातच असतील, म्हणून हे काम करताना जपावं लागेल. कुणाच्या दातांचा फोटो चार्टवर नको.

आता दुसऱ्या बाजूचं एक. पुढच्या वर्गातल्या एका मुलानं रोही, म्हणजे नीलगायी, हाकलायचा भोंगा केला होता. जुनी मोटर, स्टीलचं ताट, टायमर. रात्री ठरावीक वेळानं ताट वाजायचं. त्याच्या बापानं तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तो लावूही दिला, कारण रोही आणि रानडुकरांनी शेतकरी इतका वैतागलाय की काहीही करून बघायला तयार असतो. पोरानं धुऱ्याला लागून मातीचा पट्टा भुसभुशीत करून ठेवला आणि रोज सकाळी खुरांचे ठसे मोजले. रोह्याचा खूर कोणता आणि गाईचा कोणता, हे त्याला काकानं शिकवलं. सुरुवातीला ठसेच नाहीत. आठवडाभरानं दिसायला लागले, नंतर भोंगा नसल्यासारखेच. जनावर एकसारख्या आवाजाला सरावतं, हे त्याला कुठेही न वाचता कळलं. मग त्यानं भोंग्याची जागा आणि वेळ बदलून बघितली, तेव्हा पुन्हा काही रात्री फरक पडला.

प्रदर्शनात त्यानं हे खरं सांगितलं. ऐकणाऱ्यानं विचारलं, चालत नाही तर आणलंस कशाला? पोरगं खाली मान घालून परत आलं. ज्या स्टॉलवर सगळं "शंभर टक्के यशस्वी" होतं, त्याला क्रमांक मिळाला. आता सांगा, त्या दिवशी सगळ्या शाळांनी काय शिकून घेतलं असेल? फसलेला भाग लपवायचा, हेच. स्पर्धा चुकीची गोष्टही तितक्याच जोरात शिकवू शकते, आणि ते थांबवणं आपल्या शिक्षकांच्या हातात आहे. मी त्या मुलाला परिपाठाच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करून त्याची वही वाचायला लावली. गावातले दोघं-तिघं शेतकरी नंतर त्याला घरी जाऊन विचारत होते, किती दिवसांनी जागा बदलायची म्हणून.

सगळ्या स्पर्धा एका मापाच्या नाहीत, म्हणून थोडं त्यांच्याबद्दल. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून चालते, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी. तिथे स्थानिक प्रश्नावर अभ्यास करून अहवाल आणि नोंदवही द्यावी लागते. माझ्या मते गावातल्या शाळेला सगळ्यांत जास्त फळ देणारी हीच. इन्स्पायर अवॉर्ड मानकमध्ये आधी नुसती कल्पना ऑनलाइन पाठवायची असते, निवड झाली तर मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. पैसा चांगला, पण आधार आणि बँक खात्यावरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी रक्कम अडकते, ते आधीच बघून घ्या. आणि कल्पना नेटकॅफेवाल्याकडून लिहून घेऊ नका. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी. तिच्यात लेखी परीक्षेतून पुढे गेलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा होते. प्रात्यक्षिकाचा भाग उत्तम, पण गावातलं मूल लेखीतच गळतं, कारण तिथे शिकवणीवाल्यांचा जोर. नागपूरला अपूर्व विज्ञान मेळाव्यात महापालिका शाळांची मुलं साध्या, टाकाऊ वस्तूंतून केलेले प्रयोग येणाऱ्या-जाणाऱ्यांना करून दाखवतात. जमलं तर एकदा मुलांना घेऊन जा. त्याच सहलीत रमण विज्ञान केंद्रही होईल.

"पुढे उपयोग काय" असं विचारणाऱ्या पालकांना मी वैज्ञानिक होण्याचं स्वप्न दाखवत नाही. बहुतेक मुलं आयटीआयला जातील, शेती बघतील, दुकान टाकतील, काही शिक्षक-नर्स होतील. त्या प्रत्येकाला मोजावं लागणार आहे. २०१७ च्या हंगामात तुमच्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागची कारणं अनेक होती, नुसतं माप शिकवून ते सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण डब्यावरचं प्रमाण वाचून १५ लिटरच्या पंपाला किती मिली लागतं हे काढणं, आणि झाकणानं अंदाजे न ओतता मापानं घेणं, हे आठवीच्या गणितात बसतं. वर्गात हे साध्या पाण्यावर आणि सिरिंजवर करून घ्या, औषधाच्या डब्याला मुलांचा हात लागू देऊ नका. असा सराव झालेली मुलगी घरी बापाला टोकते. असं टोकलेलं मी ऐकलंय.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. "प्रदर्शनात चमकलेली आमची मुलं पुढे इंजिनीअर झाली" असं शाळा अभिमानानं सांगतात. ती मुलं बरेचदा आधीच हुशार असतात, घरून पाठबळ असतं, म्हणूनच तर त्यांची निवड होते. प्रदर्शनानं त्यांना घडवलं असा दावा त्यावरून करता येत नाही. खरा फरक बघायचा असेल तर मागच्या बाकावरच्या मुलाला गटात घ्या. घरी मोटारपंप उघडणारा, सायकलचं पंक्चर काढणारा, पण पेपरात कच्चा असा एक मुलगा प्रत्येक वर्गात असतो. पाण्याच्या गटातला आमचा मुलगा तसाच होता. सोनाराचा काटा त्यालाच सुचला.

तुम्ही यंदा काय करावं? तुमच्याकडे कपाशी आहे, म्हणून पाण्याशिवाय दुसरा विषय बोंडअळीचा. शेंदरी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात, हेक्टरी ५. एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, असं सलग ३ रात्री आलं तर उपाय करायची वेळ झाली असं मानतात. मुलांनी शाळेच्या वाटेवरच्या दोन-तीन शेतांत रोज सकाळी पतंग मोजायचे, पाऊस आणि वारा कसा होता ते सोबत लिहायचं, आठवड्यानं आलेख काढायचा. औषधाचा निर्णय शेतकऱ्याचा, मुलांचं काम फक्त मोजणं. वेचणीच्या दिवसांत मुलं शाळा बुडवून शेतात जातात हे तुम्हाला माहीत आहे. हे काम शेतातच असल्यामुळे त्या दिवसांतही नोंद तुटत नाही. तालुक्याला जाण्याआधी एकदा पालकसभेत मांडा. गावातला शेतकरी जो प्रश्न विचारेल तो परीक्षकाच्या प्रश्नाहून अवघड असेल.

अभ्यास बुडण्याबद्दल बोलायचं तर सहावी ते आठवीच्या मुलांचा शनिवार आणि रोजची पंधरा-वीस मिनिटं एवढंच यात जातं. अडचण होते ती शेवटच्या आठवड्यात, चार्ट रंगवताना. चार्ट दोनच ठेवा, हातानं लिहिलेले. दहावीच्या मुलाला मात्र डिसेंबरनंतर यात ओढू नये, त्याला नववीतच घ्यावं.

आणि त्या तयार मॉडेलवाल्या पालकांना दुखवू नका, त्यांची इच्छा चांगली आहे. त्यांना सांगा की तेवढ्याच पैशात एक टीडीएस मीटर, सापळे आणि ल्यूर (सापळ्यात ठेवायची वासाची गोळी), एक छोटा वजनकाटा आणि मोजपट्टी येते, आणि ते सामान शाळेत राहतं, पुढच्या वर्षीच्या पोरांनाही पुरतं. उरले तर प्रवासाला ठेवा. प्रदर्शन मुक्कामाचं असलं की मुलींना घरून नाही म्हणतात आणि सगळं मोजमाप केलेली मुलगी मागे राहून तिच्या जागी दुसरंच कुणी बोलायला जातं. गटातल्या एकीची आई सोबत घ्या. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, खर्च फार येत नाही, आणि आई येणार म्हटल्यावर बाकीच्या दोन घरांतूनही होकार येतो.